'पुट ऑफ' म्हणजे नुसतं पुढे ढकलणं नाही, मग अर्थ ओळखायचा कसा?

प्रश्न असा आलाय की 'पुट ऑफ' म्हणजे पोस्टपोन हे शाळेपासून पाठ आहे, पण एका इंग्रजी लेखात 'हिज टोन पुट मी ऑफ' असं वाक्य आलं आणि तिथे पुढे ढकलणं लावलं तर भलतंच काहीतरी निघतं. मग खरा अर्थ कोणता, 'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ' यात फरक काय, आणि ऑफिसच्या मेलमध्ये हे लिहिलेलं चालतं का. तिन्हींचं उत्तर देतो, पण जरा लांबेल.

मी इंग्रजी शिकवतो, शिवाय भाषांतराची कामं पण करतो, आणि दोन्हीकडे हे क्रियापद सारखं अडवतं. कारण लोक डिक्शनरी उघडतात, तिथे सहा सात अर्थ दिसतात, ते वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या वेळी वाक्य समोर आलं की परत पहिलाच अर्थ चिकटवतात. तेव्हा ती यादी आधी बाजूला ठेवा. 'पुट ऑफ' दिसलं की एकच गोष्ट बघायची, जे पुट ऑफ होतंय ते काय आहे, काम आहे की माणूस. मीटिंग, परीक्षा, लग्न, निर्णय, डेंटिस्टकडे जाणं असं काही असेल तर पुढे ढकलणं. 'मी', 'हिम', 'देम', 'कस्टमर्स', 'पीपल' असं कोणी असेल तर पुढे ढकलणं बहुतेक वेळा बाद, तिथे वेगळे अर्थ सुरू होतात. तुमच्या वाक्यात 'मी' आहे, म्हणजे 'मला'. त्यामुळे 'हिज टोन पुट मी ऑफ' म्हणजे त्याचा बोलण्याचा सूर मला खटकला आणि माझं मन उडालं. आता पुढे बोलायची, ती वस्तू घ्यायची किंवा त्याच्यासोबत काम करायची इच्छा राहिली नाही, असं.

पहिला अर्थ तुम्हाला येतोच, पण त्यातही एक बारकावा आहे जो शाळेत कोणी सांगत नाही. 'पोस्टपोन' हा कोरडा शब्द आहे, तारीख बदलली एवढंच तो सांगतो. 'पुट ऑफ' मध्ये पुष्कळदा नको वाटण्याचा भाग असतो. 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट' म्हटलं की कळतं की वेळ नाही वगैरे सगळं खोटं आहे, माणूस टाळतोय. मराठीत आपण 'आज उद्या करतोय' म्हणतो ना, तेच. अर्थात 'द मॅच हॅज बीन पुट ऑफ टिल संडे' यात टाळाटाळ काही नाही, तिथे साधं पुढे ढकललं एवढंच, पण जिथे कर्ता स्वतःचंच काम पुट ऑफ करतोय आणि सोबत 'कीप' किंवा 'ऑल्वेज' आहे तिथे भाषांतर 'पुढे ढकलतो' असं करू नका, 'टाळतो' करा. वाक्य लगेच जिवंत होतं.

याच्या मागे क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं. 'ही पुट ऑफ टेलिंग हर' बरोबर, 'ही पुट ऑफ टू टेल हर' चूक. ही चूक परीक्षेत हमखास विचारतात आणि बोलताना तर सर्रास होते, कारण मराठीत 'सांगायचं टाळलं' मधलं 'सांगायचं' आपल्या डोक्यात 'टू टेल' म्हणून बसलेलं असतं. कधीपर्यंत ढकललं हे सांगायला 'टिल' किंवा 'अनटिल', आणि कितीने ढकललं हे सांगायला 'फॉर अ वीक' किंवा 'बाय अ वीक'. पण हा 'बाय' जपून. 'द ट्रिप वॉज पुट ऑफ बाय द रेन' असं लिहिलं तर वाचणारा क्षणभर अडखळतो, कारण 'पुट ऑफ बाय' च्या मागे कारण आलं की कानाला मन उडण्याचा अर्थ आधी ऐकू येतो. पावसामुळे पुढे ढकलली म्हणायचं असेल तर सरळ 'बिकॉज ऑफ द रेन' लिहा.

आता माणूस आला की काय होतं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. माणसाला पुट ऑफ करायचे ढोबळमानाने तीन प्रकार.

एक, त्याला टोलवणं. 'आय आस्क्ड हिम फॉर द मनी, बट ही कीप्स पुटिंग मी ऑफ.' पैसे मागितले पण तो सारखा टोलवतोय, आज नाही उद्या, उद्या नाही परवा. इथे पुढे ढकलण्याची छटा शिल्लक आहे, फक्त काम ढकलण्याऐवजी माणूसच ढकललाय. बऱ्याचदा सोबत 'विथ' येतं, 'शी पुट हिम ऑफ विथ अ व्हेग प्रॉमिस', म्हणजे काहीतरी मोघम कबूल करून त्याला वाटेला लावलं. पाहुण्यांच्या बाबतीत पण चालतं, 'वी हॅड टू पुट देम ऑफ टिल नेक्स्ट वीक', त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून कळवावं लागलं. इथे टोलवाटोलवी नाही, साधी अडचण आहे. म्हणजे 'टिल' दिसलं तर वेळेचा अर्थ, 'विथ' दिसलं आणि मागे सबब आली तर टोलवणं.

दोन, मन उडवणं. हा तुमच्या वाक्यातला. हा सगळ्यात जास्त वापरला जातो आणि गंमत म्हणजे तुम्हाला तो येतो पण, कारण आपण मराठी बोलताना 'मी एकदम पुट ऑफ झालो' असं सर्रास म्हणतो. फक्त इंग्रजी वाचताना ते आठवत नाही. 'डोन्ट लेट द साइझ ऑफ द बुक पुट यू ऑफ', पुस्तकाचा आकार बघून बिचकू नका. 'आय वॉज पुट ऑफ बाय द लाँग फॉर्म', तो लांबलचक फॉर्म बघूनच नको वाटलं. आता याला मराठीत एक शब्द नाही आणि शोधत बसू नका. कधी 'बिचकणं', कधी 'नको वाटणं', कधी 'मन उडणं', कधी 'खटकणं', संदर्भ बघून घ्यायचं. पण दोन शब्द इथे बसत नाहीत. 'किळस' बसत नाही, ती फार तीव्र झाली, त्याला 'डिसगस्टेड' आहे. आणि 'वीट येणं' पण नाही, वीट एखादी गोष्ट अती झाली की येतो, पुट ऑफ माणूस बऱ्याचदा सुरुवातीलाच होतो, पुढे जायच्या आधी. 'पुट यू ऑफ' मध्ये पाऊल उचललेलं होतं आणि ते थांबलं असा भाव आहे.

यातच आणखी एक रचना आहे जी नीट समजून घ्या, कारण इथे दोन गोष्टी येतात. 'द ॲक्सिडेंट पुट हर ऑफ ड्रायव्हिंग.' त्या अपघातानंतर तिचं गाडी चालवण्यावरून मनच उडालं. आधी माणूस, मग 'ऑफ', मग ज्यावरून मन उडालं ती गोष्ट. 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड', त्या वासाने जेवणाची इच्छाच गेली. हा क्रम बदलता येत नाही. 'पुट ऑफ हर ड्रायव्हिंग' केलंत तर अर्थ साफ बदलतो, तिने गाडी चालवणं पुढे ढकललं असं होतं. शब्द तेच, फक्त 'हर' ची जागा इकडची तिकडे झाली, आणि एका वाक्यात तिने गाडी सोडली, दुसऱ्यात उद्यावर टाकली.

तीन, लक्ष घालवणं. हा जास्त करून ब्रिटिश इंग्रजीत. कोणी काहीतरी नाजूक काम करतोय, नेम धरतोय किंवा भाषण करतोय, आणि समोरचा हसतोय किंवा टक लावून बघतोय, तेव्हा तो म्हणतो 'स्टॉप इट, यू आर पुटिंग मी ऑफ', बास कर, तुझ्यामुळे माझं चुकतंय. ब्रिटिश नाटकं किंवा क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत असाल तर 'पुट हिम ऑफ हिज स्ट्रोक' पण ऐकलं असेल, म्हणजे लय बिघडवली. अमेरिकन माणूस इथे बहुधा 'थ्रो ऑफ' म्हणेल, 'द नॉइझ थ्रू मी ऑफ'.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात गोंधळ होऊ शकतो, दोन्हीकडे 'पुटिंग मी ऑफ' आहे. तिथे बघायचं की माणूस त्या क्षणी काही करत होता का. करता करता चुकला तर लक्ष गेलं, करायच्या आधीच मागे फिरला तर मन उडालं. 'द क्राउड पुट हर ऑफ' हे सुटं वाक्य दिलं तर खरंच दोन्ही अर्थ निघतात, गर्दी बघून ती आतच गेली नाही किंवा गर्दीच्या आवाजाने तिचा खेळ बिघडला. मागचं पुढचं वाक्य वाचल्याशिवाय इथे निकाल लागत नाही आणि कोणी एकच उत्तर ठासून सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

यातूनच 'ऑफ पुटिंग' हे विशेषण झालंय, मधे हायफन घालून लिहितात. 'हिज मॅनर इज अ बिट ऑफ-पुटिंग', त्याचं वागणं जरा मन उडवणारं आहे. शब्दांचा क्रम उलटा झालाय ते बघा, 'पुटिंग ऑफ' नाही. आणि हे फक्त मन उडणं किंवा लक्ष जाणं याच अर्थाने येतं, पुढे ढकललेल्या मीटिंगला कोणी 'ऑफ-पुटिंग मीटिंग' म्हणत नाही, म्हटलंच तर ती मीटिंगच वैताग आहे असा अर्थ होईल.

एवढे सगळे अर्थ एकाच क्रियापदात कसे काय, असं वाटत असेल तर उत्तर 'ऑफ' मध्ये आहे. दोन एफचा 'ऑफ' आणि 'कप ऑफ टी' मधला एका एफचा 'ऑव्ह' हे दोन्ही मुळात एकच शब्द होते, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता दूर, पासून. नंतर जोर देऊन उच्चारलेला वेगळा पडला आणि त्याला दोन एफ आले. म्हणजे पुट ऑफ म्हणजे मुळात दूर ठेवणं. काम दूर ठेवलं की पुढे ढकललं, माणूस दूर ठेवला की टोलवला, त्याचं मन दूर नेलं की नको वाटलं, लक्ष दूर नेलं की चुकला. तोच धागा सगळीकडे आहे. किनाऱ्यावरून होडी निघाली की तिलाही 'पुट ऑफ' म्हणतात, आणि पूर्वी कपडे उतरवण्यालाही म्हणायचे, 'पुट ऑन' च्या उलट. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये जळत्या झुडपापाशी मोशेला पायातले जोडे काढायला सांगितलंय तिथे 'पुट ऑफ दाय शूज' असंच आहे. आज तिथे 'टेक ऑफ' म्हणायचं, जोडे पुट ऑफ करायला सांगितलं तर कोणालाच कळणार नाही. बाय द वे, 'पोस्टपोन' पण लॅटिनमध्ये 'नंतर ठेवणं' असाच बनलेला आहे, 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणं. फरक एवढाच की तो शब्द लॅटिनमधून आयता आला म्हणून भारदस्त वाटतो आणि 'पुट ऑफ' घरचा म्हणून साधा वाटतो.

आणि हे अवघड वाटतंय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची रीत इंग्रजीत फार आहे आणि परक्या लोकांना सगळ्यात जास्त अडचण तिथेच येते. अशा क्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात, पण ते नाव मात्र बरंच नंतरचं, ते 1925 मध्ये लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांनी रूढ केलं. नाव यायच्या आधीपासून लोक अडखळतच होते.

व्याकरणाचा एक मुद्दा जो बोलताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो म्हणजे शब्द कुठे घालायचा. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ' पण चालतं. पण मीटिंगच्या जागी 'इट' आलं की ते मधेच, 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कधीच नाही. तसंच 'पुट हिम ऑफ', 'पुट देम ऑफ'. आणि जर पुढे ढकललेली गोष्ट लांबलचक असेल, समजा 'द डिसिजन अबाउट हू विल लीड द न्यू टीम', तर ती शेवटी टाका, मधे कोंबली तर 'ऑफ' येईपर्यंत ऐकणारा 'पुट' विसरलेला असतो.

पुटचा भूतकाळ पण पुटच. 'पुटेड' असं काही नाही. त्यामुळे 'दे पुट इट ऑफ' हे आज घडतंय की काल घडलं ते वाक्यातल्या इतर शब्दांवरून ठरवायचं. 'ही' किंवा 'शी' असेल तर सोपं, 'ही पुट्स इट ऑफ' म्हणजे नेहमी टाळतो, आणि एस नसेल, 'ही पुट इट ऑफ', तर झालेली गोष्ट.

ऐकताना अजून एक अडचण. 'पुट इट ऑफ' हे तीन शब्द कोणी सुटे बोलत नाही, 'पुटिटॉफ' असं एकत्र येतं, आणि अमेरिकन माणूस बोलला तर मधले ट मऊ होऊन 'पुडिडॉफ' सारखं ऐकू येतं. शब्द सगळे येत असून ऐकताना निसटतं ते याच्यामुळे. जोर 'ऑफ' वर असतो, 'पुट' वर नाही. दहा वेळा मोठ्याने म्हणून बघा, मग ऐकताना पण सापडायला लागतं. आणि 'पु' ऱ्हस्वच ठेवा.

आता 'कॉल ऑफ'. हा फरक छोटा आहे पण त्याने खरंच घोटाळे होतात. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. 'पुट ऑफ' म्हणजे होणार आहे पण नंतर. लग्न पुट ऑफ झालं तर नवीन तारखेची वाट बघायची, लग्न कॉल ऑफ झालं तर मोडलं. सुरू असलेली गोष्ट मधेच थांबवली तरी 'कॉल ऑफ' चालतं, संप कॉल ऑफ केला, शोधमोहीम कॉल ऑफ केली. 'पुट ऑफ' मात्र सुरू व्हायच्या आधीच.

'डिले' चं वेगळं आहे. गाडी किंवा विमान उशिरा असेल तर 'डिलेड', 'माय ट्रेन वॉज पुट ऑफ' म्हणत नाहीत, कारण पुट ऑफ मध्ये कोणीतरी ठरवून ढकलतं. आणि 'पुट आउट' शी गल्लत करू नका, 'शी वॉज पुट आउट' म्हणजे तिला जरा राग आला, वाईट वाटलं, किंवा तिची गैरसोय झाली. 'शी वॉज पुट ऑफ' म्हणजे तिला नकोसं वाटलं. परीक्षेत हे दोन मुद्दाम शेजारी ठेवतात. 'पुट अप विथ' तर पूर्णच वेगळं, खपवून घेणं.

लाइटचं पण कोणीतरी विचारणारच म्हणून सांगतो. 'पुट ऑफ द लाइट' भारतात सगळे म्हणतात आणि ते समजत नाही असं नाही, जुन्या ब्रिटिश वापरात पण सापडतं. पण आज बाहेरच्या लोकांशी बोलताना 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' म्हणा, ते कुठेही खटकत नाही. फक्त 'टर्न ऑफ' माणसाला लावताना जपून, 'ही टर्न्स मी ऑफ' म्हटलं की ते पुट ऑफ पेक्षा बरंच तिखट होतं आणि बऱ्याचदा शारीरिक आकर्षणाच्या संदर्भात घेतलं जातं. पुट ऑफ तसं सौम्य आहे.

राहिला ऑफिसच्या मेलचा प्रश्न. सहकाऱ्याला लिहिताना 'कॅन वी पुट इट ऑफ टिल मंडे?' अगदी बरोबर, त्यात उद्धट काही नाही. पण क्लायंटला किंवा मोठ्या लोकांना कळवायचं असेल तर मी पुट ऑफ लिहीत नाही. चूक आहे म्हणून नाही, तर ती टाळाटाळीची छटा असते ना, ती वाचणाऱ्याला दिसू शकते. 'वी आर पुटिंग ऑफ द रिव्ह्यू' वाचलं की समोरच्याला वाटतं यांची तयारी झालेली नाही दिसतंय. त्यापेक्षा 'पोस्टपोन', आणि नवीन तारीख ठरलेली असेल तर 'रीशेड्यूल' सगळ्यात बरं, कारण त्यात नवीन वेळ पक्की आहे हे आपोआप येतं. तारीख अलीकडे आणली असेल तर 'प्रीपोन' भारतातल्या लोकांना चालेल, परदेशी क्लायंट असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा, प्रीपोन तिकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि 'पुट बॅक' शक्यतो टाळाच, ब्रिटिश माणूस त्याचा अर्थ उशिरा ढकललं असा घेतो आणि बाकीच्यांचा गोंधळ होतो की पुढे की मागे.

म्हणजे मेल साधारण असा, 'द रिव्ह्यू ऑन थर्सडे हॅज बीन रीशेड्यूल्ड टू मंडे ॲट इलेव्हन. अपॉलॉजीज फॉर द शॉर्ट नोटिस.' आणि तोच निरोप शेजारच्या टेबलावरच्या माणसाला द्यायचा असेल तर 'दे हॅव पुट इट ऑफ अगेन' म्हणा. त्या 'अगेन' मध्ये तुम्हाला काय वाटतंय ते त्याला बरोबर कळेल.